वर्गात न्यायचं साधन आणि इतिहासाचं साधन

मराठीत ‘साधन’ हा एकच शब्द आपण दोन कामांना वापरतो. पाठटाचणात ‘शैक्षणिक साधने’ असा रकाना असतो. तिथे तक्ता, नकाशा, चित्र असं लिहून आपण मोकळे होतो. पाठ्यपुस्तकात ‘इतिहासाची साधने’ असा धडा असतो. भौतिक, लिखित, मौखिक हे प्रकार मुलं पाठ करतात आणि परीक्षेत लिहितात. ही दोन साधनं एकच असायला हवीत, हे मला नोकरीची दहा वर्षं झाल्यावर उमगलं. आता २६ वर्षं झाली. नव्याने इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवायला लागलेले शिक्षक ‘साधनं कोणती वापरू’ असं विचारतात, तेव्हा मी जे सांगते ते इथे सविस्तर लिहिते आहे.

सहावीचा वर्ग होता, कलिंगाच्या युद्धाचा पाठ. मी रंगीत तक्ता लावला होता: रणांगण, पडलेले सैनिक, मान खाली घालून उभा असलेला अशोक. गोष्ट मन लावून सांगितली. शेवटी एका मुलीने हात वर केला. “बाई, त्याला वाईट वाटलं हे कोणाला कसं कळलं?” मी म्हटलं, “पुस्तकात दिलंय ना.” ती खाली बसली. तिचं समाधान झालं नव्हतं आणि ते मला दिसत होतं. या विषयातला सगळ्यांत मोलाचा प्रश्न तिने विचारला होता आणि त्याचं उत्तर मला देता आलं नाही, कारण मी ते कधी शोधलंच नव्हतं.

उत्तर अगदी सरळ आहे. ते अशोकाने स्वतःच सांगितलं आहे, खडकावर कोरून. तेराव्या शिलालेखात तो म्हणतो की राज्याभिषेकाला आठ वर्षं झाली असताना कलिंग जिंकला. दीड लाख माणसं तिथून नेली गेली, एक लाख मारली गेली आणि त्याच्या कितीतरी पट मेली. आणि आता त्याचा पश्चात्ताप होतो आहे. हा मजकूर मराठी भाषांतरात सहज मिळतो. त्या मुलीच्या हातात मी तो द्यायला हवा होता. तक्ता आणला नसता तरी चाललं असतं.

एका पाठाला एकच साधन

पहिलं सांगणं हे, की एका पाठाला एकच अस्सल साधन घ्या आणि त्यावर पूर्ण तास घालवा. पाच चित्रं, एक व्हिडिओ आणि दोन नकाशे नेले, तर मुलं पाहतात सगळं आणि थांबत कशापाशीच नाहीत.

अशोकाच्या पाठासाठी मी काय करते ते तपशिलात सांगते, म्हणजे बाकीच्या पाठांना तीच रीत लावता येईल.

शिलालेखातल्या दहा-बारा ओळी निवडते. भाषा मुलांना कळेल अशी करते, पण त्यातलं परकेपण पुसत नाही. लेखात राजा स्वतःला ‘देवानांप्रिय’, ‘प्रियदर्शी’ म्हणवतो, तर तेच ठेवायचं. तिथे ‘सम्राट अशोक’ असं घातलं की एक सुंदर प्रश्न हातचा जातो. दर वर्षी कोणी ना कोणी विचारतंच, “बाई, यात अशोकाचं नाव कुठाय?” ते त्यात नाहीच. जेम्स प्रिन्सेप या इंग्रज अभ्यासकाने १८३७ च्या सुमारास या लेखांची ब्राह्मी लिपी वाचली, तेव्हा हा प्रियदर्शी राजा कोण हे आधी कोडंच होतं. श्रीलंकेतल्या पाली इतिहासग्रंथांवरून तो अशोक असावा हे जुळलं. आणि खुद्द लेखातच ‘अशोक’ हे नाव सापडलं ते कर्नाटकातल्या मस्कीला, १९१५ साली. इतकी वर्षं लागली एका नावाची खात्री व्हायला. हे ऐकताना मुलांचे चेहरे पाहण्यासारखे असतात.

उतारा मोठ्या अक्षरात छापायचा, ओळींना क्रमांक द्यायचे आणि चौघांत एक प्रत द्यायची. प्रत्येकाला वेगळी प्रत दिली तर वर्ग गप्प होतो. चौघांत एक दिली की डोकी एकत्र येतात, बोट ओळीवर फिरतं, वाद सुरू होतो. प्रतीच्या वर कोऱ्या जागेत त्या खडकाचा फोटो असू द्या. हे शब्द आधी दगडावर होते, हे मुलांना डोळ्यांनी दिसलं पाहिजे.

मग फळ्यावर चार प्रश्न:

कोण बोलतंय?
कोणाला ऐकवतंय?
घटनेनंतर किती काळाने?
आणि यात काय सांगितलेलं नाही?

पहिले तीन प्रश्न दहा मिनिटांत होतात. चौथ्यावर मुलं अडखळतात, आणि तिथे आपण तोंड उघडायचं नाही. मी मनातल्या मनात वीसपर्यंत आकडे मोजते. सुरुवातीला हे फार जड जातं, उत्तर जिभेवर येऊन थांबलेलं असतं. पण तेवढ्यात कोणीतरी बोलतंच. एका वर्षी एक मुलगा म्हणाला, “ज्यांना नेलं त्यांना परत सोडलं का, ते लिहिलंच नाहीये.” मी तो लेख तेव्हा पंधरा-वीस वेळा वाचला असेन. माझ्या हे लक्षात आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी नकाशा. अशोकाने तेच लेख अनेक ठिकाणी कोरवून घेतले होते. गिरनार, काल्सी, शाहबाजगढी, मानसेहरा अशी तेरावा लेख सापडलेली ठिकाणं मुलं ठिपक्यांनी दाखवतात. मग मी धौली आणि जौगड दाखवते. ही दोन ठिकाणं खुद्द कलिंगातली, आजच्या ओडिशातली. तिथेही अशोकाचे लेख आहेत, पण त्यांत तेरावा नाही. त्याच्या जागी दुसरे दोन लेख आहेत. ते तिथल्या अधिकाऱ्यांना उद्देशून आहेत, आणि ‘सर्व माणसं माझी मुलं आहेत’ हे प्रसिद्ध वाक्य त्यांतलंच. ज्यांच्यावर युद्ध लादलं, त्यांच्या डोळ्यांसमोर मात्र त्या पश्चात्तापाचा लेख नाही. एवढं सांगायचं आणि थांबायचं. “त्यांना काय सांगायचं, त्यांनी तर पाहिलंच होतं,” असं एक गट म्हणतो. “राग परत येईल म्हणून नसेल लिहिलं,” असं दुसरा. “राजाने चूक मान्य केली तर तिथले लोक त्याचं ऐकणार नाहीत,” असं तिसरा. यातलं बरोबर कोणतं, ते मी सांगत नाही. अभ्यासकांचेही याबद्दल तर्कच आहेत. फक्त एक अट घालते: जे म्हणाल त्याला कागदावरची एक तरी ओळ दाखवा.

आणि तो जुना तक्ता? तोही मी नेते, पण शेवटी. मुलांना विचारते, हे चित्र काढणाऱ्याला अशोकाचा चेहरा कसा माहीत? अशोकाच्या हयातीतलं त्याचं एकही चित्र किंवा शिल्प आपल्याला माहीत नाही. कर्नाटकात कनगनहळ्ळीच्या स्तूपावर एक शिल्प आहे आणि त्यावर ब्राह्मीत त्याचं नाव कोरलेलं आहे, पण तेही त्याच्यानंतरच्या काळातलं. तक्त्यावरचा चेहरा म्हणजे चित्रकाराची कल्पना. इतिहासाच्या तासाला लागणाऱ्या बऱ्याच चित्रांचं असंच असतं. चित्र फाडून टाकायची गरज नाही, फक्त त्याच्याखाली ‘कल्पनाचित्र’ असं लिहावं आणि मुलांकडूनच लिहून घ्यावं. आता कॉम्प्युटरवर चार शब्द टाकले की कोणत्याही राजाचं हुबेहूब फोटोसारखं चित्र तयार होतं, त्यामुळे ही सवय लावणं जास्तच निकडीचं झालं आहे.

त्याआधी करायचा एक प्रयोग

वर्ष सुरू झाल्यावर पहिल्या आठवड्यात मी एक प्रयोग करते. दुसऱ्या वर्गातल्या एका शिक्षकांना आधी सांगून ठेवते. तास चालू असताना ते घाईने आत येतात, टेबलावरचा डस्टर उचलतात, माझ्याशी दोन वाक्यं बोलतात, खिडकीतून बाहेर पाहतात आणि निघून जातात. पुरतं अर्धं मिनिटसुद्धा लागत नाही. पुढे मी दहा मिनिटं शिकवत राहते आणि मग म्हणते, कागद काढा, आत्ता कोण आलं होतं आणि काय घडलं ते लिहा, शेजाऱ्याशी बोलायचं नाही.

गेल्या वेळी ४१ कागद आले. शर्टाचे चार रंग निघाले. डस्टर नेला की ठेवला यावर वर्ग दुभंगला. तिघांनी लिहिलं की सर रागावले होते. खिडकीतून पाहिल्याचं फक्त सहा जणांनी लिहिलं, आणि ते सहाही खिडकीच्या बाजूला बसणारे निघाले. कोणी मुद्दाम खोटं लिहिलेलं नव्हतं. हे कागद मी जपून ठेवते. वर्षभरात कुठल्याही घटनेची दोन वर्णनं जुळली नाहीत आणि मुलं ‘मग खरं कोणतं, खोटं कोणतं’ असं विचारायला लागली, की हे कागद बाहेर काढते आणि विचारते, खिडकीपाशी कोण बसलं होतं?

काळाची दोरी

सनावळी पाठ असलेल्या मुलांनाही काळाचं अंतर कळलेलं नसतं. त्यांच्या लेखी मोहेंजोदडो, अशोक, अकबर सगळे ‘खूप पूर्वी’ या एकाच खोलीत राहतात. कालरेषेचा छापील तक्ता याला उपयोगी पडत नाही, कारण तो कागदावर बसवायला प्रमाण मोडलेलं असतं: शंभर वर्षांना जेवढी जागा, तेवढीच हजार वर्षांना.

एक दोरी घ्या. दहा वर्षांना एक सेंटिमीटर. पाच मीटर दोरीत ५००० वर्षं मावतात. आजचं टोक एका मुलाच्या हातात द्या आणि मोजपट्टीने मागे मागे जात चिमटे लावा. भारताचं स्वातंत्र्य आजपासून आठ सेंटिमीटरही लांब नाही, हे पाहिल्यावर वर्गात पहिली कुजबुज होते. आता अशोकाचं कलिंग युद्ध, साधारण इ.स.पू. २६०. आजपासून ते येतं जवळपास २२८ सेंटिमीटरवर. आणि सिंधू संस्कृतीच्या नगरांची भरभराट सुरू झाली ती साधारण इ.स.पू. २६०० मध्ये, म्हणजे अशोकाच्याही मागे २३४ सेंटिमीटर. मुलांना दोन्ही अंतरं दोरीची घडी घालून जुळवायला सांगा. जवळजवळ सारखी येतात. अशोकाच्या दृष्टीने मोहेंजोदडोची सुरुवात जितकी जुनी, तितकाच आपल्या दृष्टीने अशोक जुना. हे वाक्य मी बोलत नाही. दोरी जुळवणाऱ्या मुलांपैकीच कोणीतरी बोलतं, आणि मग सगळ्यांना ती घडी स्वतः घालून पाहायची असते.

एक काळजी घ्या. इ.स.पू. १ नंतर थेट इ.स. १ येतं, मध्ये शून्य साल नाही. या प्रमाणावर एका वर्षाने फरक पडत नाही, पण हुशार मुलं वजाबाकी तपासतात आणि विचारतात, तेव्हा उत्तर तयार असावं. दुसरं, इतक्या जुन्या काळाच्या तारखा अंदाजी आहेत हे चिमट्याच्या चिठ्ठीवर ‘सुमारे’ लिहून दाखवा. एका चिमट्याऐवजी दोन चिमटे लावून मधली जागा रंगवली तर फारच छान.

नकाशा कोणासाठी काढला होता?

भिंतीवर टांगलेल्या जगाच्या नकाशात ग्रीनलंड आणि आफ्रिका जवळजवळ एकाच आकाराचे दिसत असतील, तर तो मर्केटर प्रक्षेपणाचा नकाशा. प्रक्षेपण म्हणजे गोल पृथ्वी सपाट कागदावर मांडायची रीत. ग्रीनलंडचं क्षेत्रफळ सुमारे २१.७ लाख चौरस किलोमीटर, आफ्रिकेचं ३ कोटींच्या वर. म्हणजे आफ्रिकेत चौदा ग्रीनलंड मावतील. मुलांना हे आकडे सांगण्याआधी पृथ्वीगोलावर पातळ कागद ठेवून ग्रीनलंडची बाह्यरेषा काढून घ्या, कापा, आणि तोच तुकडा गोलावरच्या आफ्रिकेवर ठेवायला सांगा. मग भिंतीवरच्या नकाशाकडे पाहू द्या.

इथे बरेच शिक्षक ‘नकाशा चुकीचा आहे’ असं सांगून थांबतात. मला ते अपुरं वाटतं. मर्केटर या नकाशाकाराने १५६९ मध्ये हा नकाशा खलाशांसाठी काढला. त्यावर दोन ठिकाणं सरळ रेषेने जोडली की होकायंत्राची दिशा न बदलता जाता येतं. तेवढं साधायला त्याला ध्रुवांकडचे भूभाग ताणावे लागले. जहाजावर तो फार मोलाचा. देशांची तुलना करायला वर्गाच्या भिंतीवर लावला की फसवतो. ‘कोण बोलतंय, कोणाला ऐकवतंय’ हे फळ्यावरचे प्रश्न नकाशालाही लागू आहेत, हे मुलांना इथे कळतं.

नकाशावरचा माझा सगळ्यांत आवडता तास मात्र दुसराच आहे. १८५४ साली लंडनच्या सोहो भागात कॉलऱ्याची भयंकर साथ आली; थोड्या दिवसांत ६०० हून अधिक माणसं दगावली. डॉक्टर जॉन स्नो यांनी प्रत्येक मृत्यूसाठी त्या त्या घरापाशी एक काळी रेघ काढून नकाशा तयार केला. तो इंटरनेटवर मोकळा उपलब्ध आहे. मी त्याची मोठी प्रत काढते, पण त्यावरची माहिती झाकते. मुलांना एवढंच सांगते की प्रत्येक काळी रेघ म्हणजे एक माणूस गेला. मग पेन्सिलने सगळ्यांत दाट जागेभोवती वर्तुळ काढायला लावते. वर्तुळाच्या मध्याशी ब्रॉड स्ट्रीटवरचा पाण्याचा पंप येतो.

तास खरा रंगतो तो यानंतर, न बसणाऱ्या जागांवर. पंपापासून जवळच एक दारूची भट्टी होती, तिथले कामगार वाचले. पोलंड स्ट्रीटवर गरिबांचं आश्रयगृह होतं, भोवती साथ असताना तिथल्या ५३५ जणांपैकी फक्त पाच जण गेले. आणि लांब हॅम्पस्टेडला राहणारी एक बाई मात्र कॉलऱ्याने गेली. मी हे तीन अपवाद तीन गटांना वाटते आणि विचारते, या पंपाच्या पाण्यातून साथ पसरली, हा स्नो यांचा तर्क आता टिकतो का? मुलं आधी म्हणतात, नाही टिकत. मग एकेक चिठ्ठी उघडायला देते. भट्टीतले कामगार बिअर प्यायचे आणि तिथे स्वतःची विहीर होती. आश्रयगृहालाही स्वतःची विहीर होती. आणि त्या बाईला ब्रॉड स्ट्रीटच्याच पाण्याची चव आवडायची, म्हणून ती ते बाटलीतून रोज मागवायची. ही तिसरी चिठ्ठी वाचताना वाचणाऱ्याचा आवाज बदलतो. तर्क मोडतील असे वाटलेले अपवादच त्याला भक्कम करतात, हे मी व्याख्यान देऊन कधीही एवढं पोहोचवू शकले नसते.

ही गोष्ट सांगताना एक मोह टाळा. ‘स्नो यांनी पंपाचा दांडा काढायला लावला आणि साथ थांबली’ असं सांगितलं की गोष्ट छान जमते. पण दांडा ८ सप्टेंबरला काढला तोवर साथ ओसरू लागली होती, कारण बरेच लोक तो भाग सोडून गेले होते, आणि हे स्वतः स्नो यांनीच नमूद केलं आहे. मुलांना हेही सांगा. स्वतःच्या बाजूचा पुरावा कुठे कमी पडतो हे सांगणारा माणूस त्यांनी पाहायला हवा.

फोटो, नाणं, आजीची आठवण

फोटो म्हणजे खरं, असं मुलं धरून चालतात. रॉजर फेंटन या छायाचित्रकाराने १८५५ मध्ये क्रिमियन युद्धात एकाच रस्त्याचे, एकाच जागेवरून दोन फोटो काढले. एकात तोफगोळे रस्त्याकडेच्या घळीत पडलेले आहेत, दुसऱ्यात रस्त्यावर विखुरलेले. दोन्ही शेजारी ठेवा आणि विचारा, आधीचा कोणता? उतारावरच्या लहान दगडांकडे पाहायला सांगा. कोणते दगड पायाने घसरून खाली आले आहेत, ते नीट पाहिलं की गोळे नंतर रस्त्यावर मांडले असावेत, या निष्कर्षाकडे मुलं स्वतः येतात. चांगली भिंगं असतील तर वाटा. इथे डोळ्यांना काम आहे.

वस्तूंच्या बाबतीत मोठं संग्रहालय लागत नाही. माझ्या पेटीतली सगळ्यांत कामाची वस्तू म्हणजे १९५७ चं एक नाणं. त्यावर हिंदीत लिहिलंय, ‘रुपये का सौवाँ भाग’. मुलांना विचारायचं, नाण्यावर हे लिहायची गरज का पडली असेल? आज आपल्या नाण्यांवर असं काही का नसतं? १ एप्रिल १९५७ पर्यंत रुपयाचे १६ आणे आणि ६४ पैसे होते. त्या दिवसापासून १०० ‘नये पैसे’ झाले. जुने आणि नवे पैसे एकाच वेळी लोकांच्या हातात होते, म्हणून नाण्यालाच स्वतःचा हिशेब सांगावा लागला. १९६४ मध्ये ‘नया’ शब्द गेला, कारण तोवर तो नवा राहिला नव्हता. एवढ्याशा धातूच्या तुकड्यावर एक पूर्ण तास होतो. नाणं हातोहात फिरू द्या, हरवेल म्हणून काचेखाली ठेवू नका. माझं २६ वर्षांत हरवलेलं नाही.

मौखिक साधनांसाठी मुलांना घरातल्या वडीलधाऱ्यांकडे पाठवतो आपण, पण प्रश्न तयार करून देत नाही. मग ‘तुमच्या वेळी कसं होतं?’ असं मूल विचारतं आणि ‘आमच्या वेळी सगळं चांगलं होतं’ असं उत्तर घेऊन येतं. प्रश्न लहान आणि नेमका हवा. ‘शाळेच्या पहिल्या दिवशी तुम्हाला सोडायला कोण आलं होतं?’ ‘घरात पहिल्यांदा दिवा लागला तेव्हा तुम्ही कुठे उभे होतात?’ ‘तार आली की ती कोण वाचायचं?’ शेवटचा प्रश्न मी हमखास देते. भारतातली तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली, त्यामुळे मुलांना तो अनुभव ठाऊक नाही आणि मोठ्यांना सांगायला खूप असतं. कोणी शिकलेलं होतं, कोणाकडे ती वाचून घ्यायला जावं लागायचं, तार म्हटलं की घरात रडारड आधी का सुरू व्हायची, हे सगळं त्यातून बाहेर येतं. आणि मुलांना बजावून सांगा की आजी बोलता बोलता थांबली, तर पुढे विचारायचं नाही. वही मिटायची आणि तिच्याजवळ बसायचं.

यालाच लागून एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती माझी चूक होती आणि ती मी विसरलेले नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी गुलामांच्या व्यापारावर मी नाट्यीकरण घेतलं. काही मुलं व्यापारी, काही गुलाम, हात दोरीने बांधलेले. वर्ग हसला. एक मुलगा हसला नाही आणि पुढचे दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. दुसऱ्यांचं दुःख अंगावर घालून पाहायची गोष्ट नाही. अशा पाठांना मी आता नाट्य करत नाही. त्या काळातल्या माणसाने स्वतः लिहिलेला किंवा सांगितलेला उतारा सावकाश वाचते आणि नंतर मुलांना पाच मिनिटं शांतपणे लिहायला देते. वाद-संवाद, सभा, ग्रामसभेची बैठक, खटल्यातली बाजू मांडणं यांची नाट्यं खुशाल घ्या. ती उत्तम होतात.

नागरिकशास्त्रासाठी संविधानाची उद्देशिका दोन रूपांत द्या: १९४९ मध्ये स्वीकारलेली, आणि १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीनंतरची. मुलांना दोन्ही वाचून फरकाच्या शब्दांखाली रेघ मारू द्या. ‘समाजवादी’, ‘धर्मनिरपेक्ष’ आणि ‘एकात्मता’ हे शब्द त्यांना स्वतः सापडले की ‘तेव्हा देशात काय चाललं होतं?’ हा प्रश्न आपोआप येतो. पाठांतराने उद्देशिका तोंडात बसते. रेघ मारताना ती वाचली जाते.

कुठून मिळवायचं, कसं ठेवायचं

फोटो आणि जुने नकाशे यांसाठी विकिमीडिया कॉमन्स पुरेसं आहे. तिथे प्रत्येक चित्राखाली ते कोणी, कधी काढलं आणि वापरायची मुभा आहे का, हे लिहिलेलं असतं. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावर फेंटनचे फोटो चांगल्या प्रतीत आहेत. भारताच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं ‘अभिलेख पटल’ आहे, तिथे मूळ कागदांच्या प्रतिमा शोधता येतात. मोबाइलवर फिरत आलेलं चित्र, ज्याच्याखाली साल नाही, ठिकाण नाही, ते वर्गात नेऊ नका. व्हिडिओ दाखवायचाच असेल तर तीन-चार मिनिटांचा तुकडा निवडा आणि पहिल्यांदा आवाज बंद करून दाखवा. मुलं आधी पाहतील, मग निवेदक काय म्हणतो ते ऐकतील.

साठवायला मी जाड खाकी पाकिटं वापरते, एका पाठाला एक. आत उताऱ्याच्या बारा प्रती, फोटो, नकाशा आणि चिठ्ठ्या. प्रती लॅमिनेट करत नाही, कारण मुलांना त्यावर पेन्सिलने रेघा मारता आल्या पाहिजेत; फाटल्या की नव्या झेरॉक्स काढते. पाकिटाच्या मागच्या बाजूला, तास झाला की लगेच, स्टाफरूममध्ये जाण्याआधी, मुलांनी विचारलेले आणि मला उत्तर न आलेले प्रश्न तारीख घालून लिहिते. अशोकाच्या पाकिटावर सगळ्यांत वर त्या मुलीचा प्रश्न आहे. त्याखाली आता अकरा प्रश्न झालेत. नेलेल्या माणसांना परत सोडलं का, हा त्यातला चौथा, आणि त्याच्यापुढची जागा अजून कोरी आहे.